सिंगल (इलेक्ट्रॉनिक संगीत)

सिंगल : एकाच गाण्याचे किंवा वाद्यरचनेचे स्वतंत्र प्रकाशन. सोबत रिमिक्स (त्याच मुद्रणाची नव्याने केलेली मांडणी) किंवा लांबवलेली आवृत्ती असली तरी नाव, मुखचित्र आणि तारीख त्या एका रचनेचीच असते. मराठीत याला रुळलेला प्रतिशब्द नाही. पुण्यातील तरुण संगीतकार बोलताना ‘सिंगल’पेक्षा ‘ट्रॅक’ अधिक म्हणतात. ट्रॅक ‘बनवतात’ आणि तयार झाला की ‘टाकतात’.

‘प्रोड्यूसर’ हा शब्द मात्र नीट उलगडायला हवा. चित्रपटाचा निर्माता भांडवल उभे करतो. १९५७च्या कॉपीराइट कायद्यातही ध्वनिमुद्रणाचा निर्माता म्हणजे ते घडवून आणण्यात पुढाकार घेणारा आणि त्याची जबाबदारी उचलणारा. इलेक्ट्रॉनिक संगीतातला प्रोड्यूसर चाल बांधतो, ठोके रचतो, स्वर घडवतो, मुद्रण करतो आणि बहुधा मिश्रणही स्वतःच करतो. खर्च त्याचाच असेल तर कायद्याचा निर्माता आणि कलेचा प्रोड्यूसर एकाच खोलीत, एकाच लॅपटॉपसमोर बसलेले असतात. कंपनीने पैसा घातला आणि तसा करार झाला, की हे दोघे वेगळे होतात व मूळ मुद्रणाचा हक्क सहसा कंपनीकडे जातो. ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो. त्यामुळे पंचविशीतल्या मुलाने केलेली सही त्याच्या म्हातारपणापर्यंत पुरते.

सिंगलची लांबी तबकडीने ठरवली. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावत. ग्रामोफोन कंपनीचा ध्वनिमुद्रक फ्रेड गाइसबर्ग याने १९०२ साली कलकत्त्यात केलेल्या मुद्रणांपासून हिंदुस्थानी गायकांना या मापात बसावे लागले. त्यांतील पहिलेपणाचा मान सर्रास कलकत्त्याची गायिका गौहर जान हिला दिला जातो. पण त्याच दौऱ्यात तिच्या आधी कलकत्त्याच्या रंगभूमीवरील दोन गायिका गायल्या होत्या, हे मत अधिक ग्राह्य वाटते. मराठी भावगीतही याच मापात वाढले. ग. ना. जोशी यांनी गायिलेली ना. घ. देशपांडे यांची ‘रानारानात गेली बाई शीळ’ ही कविता १९३२च्या सुमारास तबकडीवर आली. एक बाजू, एक कविता, एक आवाज या अर्थाने मराठी माणसाचा सिंगलशी परिचय तेव्हापासूनचा. पुढे १९४९ मध्ये आरसीए व्हिक्टर कंपनीने ४५ फेऱ्यांची सात इंची तबकडी आणली आणि पाश्चात्त्य देशांत सिंगल म्हणजे तीच, असे समीकरण झाले.

नृत्यसंगीताचा सिंगल बारा इंचांचा कसा झाला, याबद्दल एकवाक्यता नाही. बहुतेक संदर्भग्रंथांत न्यूयॉर्कच्या टॉम मोल्टन या रिमिक्स करणाऱ्याची हकीकत येते. १९७०च्या दशकाच्या मध्यास तो एका गाण्याची नमुना तबकडी कापून घ्यायला होजे रॉड्रिगेझ या तंत्रज्ञाकडे गेला. सात इंची कोऱ्या तबकड्या संपल्या होत्या, म्हणून मोठी वापरली. एवढ्या मोठ्या चकतीवर खाचांचा बारीकसा पट्टा विचित्र दिसला, तेव्हा मोल्टनने खाचा पसरून कापायला आणि आवाजाची पातळी वाढवायला सांगितले. आवाज थक्क करणारा निघाला. कारण साधे आहे. खर्जाचा ठोका खाचेला आडवे हेलकावे देतो. शेजारच्या खाचेत शिरायचे नसेल तर जागा हवी. जागा मिळाली की पातळी चढवता येते आणि खर्ज भरदार ऐकू येतो. ही हकीकत मुख्यतः मोल्टनच्या आठवणींवर उभी आहे. त्याआधीच्या, फक्त प्रसारासाठी काढलेल्या बारा इंची तबकड्या काही संग्राहक पुढे करतात. कोणी जमैकातल्या ध्वनिसंच चालवणाऱ्यांच्या दहा इंची नमुना तबकड्यांकडे बोट दाखवतात. बारा इंची तबकडी कोणा एकाच्या अपघातापेक्षा नाचघरांच्या गरजेतून, दोन-तीन ठिकाणी पुढेमागे आली, असे मानणे सयुक्तिक ठरेल. दुकानात विक्रीस आलेली पहिली बारा इंची सिंगल म्हणून सालसोल कंपनीच्या १९७६ मधील ‘टेन पर्सेंट’चे नाव सहसा घेतले जाते. डीजे वॉल्टर गिबन्सने तिची लांबी नऊ मिनिटांपलीकडे नेली होती.

भारतात प्रयोग लवकर झाले, पण ते सिंगलच्या वाटेने गेले नाहीत. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ साली अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडरच्या मदतीने मूग सिंथेसायझर (विजेवर स्वर घडवणारे वाद्य) बसवण्यात आला आणि तेथे काही वर्षे काम चालले. मुंबईचे चित्रपटवादक चरणजित सिंग यांनी १९८२च्या सुमारास रोलंड कंपनीची टीबी-३०३ (खर्जाचे स्वर देणारे) आणि टीआर-८०८ (ठोके देणारे) ही यंत्रे वापरून दहा रागांची डिस्को लयीतील तबकडी केली. २०१० मध्ये ती पुन्हा निघाल्यावर शिकागोच्या ॲसिड हाउसचा, म्हणजे टीबी-३०३च्या सरकत्या आवाजावर उभ्या असलेल्या नृत्यसंगीताचा, उगम मुंबईत, असे मथळे झळकले. शिकागोची ‘ॲसिड ट्रॅक्स’ ही रचना १९८७ची, तेव्हा कालक्रमाने सिंग आधीचे, यात वाद नाही. पण आधी असणे आणि उगम असणे यांत फरक आहे. एकाच यंत्राने दोन शहरांत दोघांना एकच सरकता आवाज दिला, हेच पटते. आणि त्याने सिंग यांचे मोठेपण तसूभरही कमी होत नाही.

पुण्याच्या बाबतीत कोरेगाव पार्कमधील रजनीश आश्रमाचा दाखला दिला जातो. आश्रम १९७४चा, जर्मन संगीतकार डॉयटर (संन्यासनाम चैतन्य हरी) यांनी तेथे ध्यानपद्धतींसाठी संगीत केले. त्या भागातील पुढच्या नाचघरांचे मूळ तेथे शोधणे मोहक आहे, पण ध्यानाचे संगीत माणसाला शेवटी शांततेकडे नेते, तर नाचाचे पुढच्या ट्रॅककडे. २०१०चा डिसेंबर अधिक महत्त्वाचा मानावा. त्या महिन्यात कोरेगाव पार्कमध्ये एनएच७ वीकेंडर महोत्सव प्रथम भरला आणि स्वतःच्या रचना वाजवणाऱ्यांना व्यासपीठ मिळाले. सनबर्न हा नृत्यसंगीताचा महोत्सव २०१६ साली गोव्याहून पुण्याजवळ केसनंदला आला आणि २०१९ मध्ये परतला. पुण्यात वाढलेल्या, हिंदुस्थानी संगीताची तालीम घेतलेल्या ऋत्विझची ‘उड गए’ ही सिंगल २०१७ साली एका स्पर्धेतील निवडीतून निघाली आणि देशभर पोचली. सवाई गंधर्व महोत्सवाच्या गावात वाढलेल्या पोराने तान कापून लूप करावी, म्हणजे तोच तुकडा पुन्हापुन्हा फिरवावा, यात विसंगती नाही. तबकडीच्या तीन मिनिटांत राग बसवणाऱ्यांनी तेच केले होते.

शहरातला दुसरा प्रवाह ग्रंथांत जवळजवळ येत नाही. तो मिरवणुकीचा. येथे ‘डीजे’ म्हणजे माणूसही आणि ध्वनिक्षेपकांची भिंतही. पश्चिम महाराष्ट्रात त्याच भिंतीला ‘डॉल्बी’ म्हणतात. कोळीगीते, भक्तिगीते, लग्नाची गाणी यांची रिमिक्स बनवणारे तरुण आपले नाव ध्वनिमुद्रित ‘टॅग’ म्हणून गाण्यातच पेरतात आणि पेन ड्राइव्हवरून ती भिंतीपर्यंत पोचतात. गौहर जान गाण्याच्या शेवटी इंग्रजीत आपले नाव सांगे, म्हणजे जर्मनीतील हॅनोव्हरच्या कारखान्यात तबकडी कोणाची ते कळे. टॅगचे काम तेच आहे. मूळ मुद्रणाचा तुकडा वापरायला हक्कधारकाची परवानगी लागते. पाच वर्षांनंतर पुन्हा गाऊन काढण्याची जी वैधानिक मुभा २०१२च्या दुरुस्तीने आखून दिली, ती अशा रिमिक्सला लागू होत नाही. म्हणून ही रिमिक्स क्वचितच अधिकृत सिंगल होतात.

अधिकृत प्रकाशनाची वाट ठरलेली आहे. मास्टर फाइल (अंतिम मुद्रण) आणि मुखचित्र डिस्ट्रिब्यूटरकडे, म्हणजे ऑनलाइन सेवांवर गाणी पोचवणाऱ्या कंपनीकडे, जाते. मुद्रणाला आयएसआरसी हा बारा अक्षरांचा क्रमांक मिळतो, ज्यात नोंदणीधारक आणि वर्ष दिसते. भारतात त्याची व्यवस्था इंडियन म्युझिक इंडस्ट्री ही संस्था पाहते. जुलै २०१५ पासून जगभर शुक्रवार हा प्रकाशनाचा वार ठरला आहे. इंटरनेटवरून गाणी ऐकवणारे स्पॉटिफाय भारतात फेब्रुवारी २०१९ मध्ये आले. तेथे संपादकांनी निवडलेल्या गाण्यांच्या यादीसाठी ट्रॅक किमान सात दिवस आधी कळवावा लागतो आणि ३० सेकंद ऐकल्याशिवाय ऐकणे मोजले जात नाही. या ३० सेकंदांनी रचनेचा आराखडाच बदलला. मिनिटाला १२८ ठोक्यांच्या लयीत चार ठोक्यांची १६ आवर्तने म्हणजे नेमके अर्धे मिनिट, आणि डीजेला एका ट्रॅकवरून दुसऱ्यावर सरकण्यासाठी नुसत्या ठोक्यांची तेवढी प्रस्तावना हवी असते. ऐकणारा मात्र तोवर पुढे गेलेला असतो. म्हणून प्रोड्यूसर दोन आवृत्त्या करतो : गायकाच्या आवाजाने सुरू होणारी छोटी आणि डीजेसाठी लांब.

मागे वस्तू उरत नाही, ही या प्रकाराची खरी अडचण. प्रकाशित पुस्तकांच्या प्रती ग्रंथालयांत जमा करण्याचा १९५४चा कायदा पुस्तके व वृत्तपत्रांपुरता आहे. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून आहे, पण ते चित्रपटांसाठी. सिंगलचे सुटे स्टेम (ठोके, खर्ज, गायन असे वेगवेगळे काढलेले घटक) आणि प्रकल्पाची फाइल प्रोड्यूसरच्या हार्ड डिस्कवर असतात, आणि सॉफ्टवेअरची आवृत्ती बदलली की फाइल उघडेलच असे नाही. सर्व स्टेम एकाच आरंभबिंदूपासून साध्या डब्ल्यूएव्ही या ध्वनिफाइलच्या स्वरूपात काढून दोन वेगळ्या जागी ठेवणे हे काम प्रकाशनाच्या आठवड्यातच करावे. नंतर ते होत नाही.