कच्चा सेंटर वेगळा, उशिरा उमगणारा वेगळा

एनबीए ड्राफ्ट (अमेरिकन बास्केटबॉल लीगचे क्लब नवे खेळाडू क्रमाने निवडतात तो) जवळ आला की सात फुटी सेंटरवर, म्हणजे रिंगजवळ खेळणाऱ्या उंच पोरांवर, एकच शिक्का बसतो: ‘रॉ (कच्चा) आहे, पण शिकेल.’ हाशीम थबीटवर बसला, जोएल एम्बीडवरही बसला. एक टांझानियाचा, दुसरा कॅमेरूनचा. दोघांनी बास्केटबॉल हातात घेतला तो पंधराव्या वर्षाच्या आसपास. थबीटला 2009 मध्ये मेम्फिसने दुसऱ्या क्रमांकावर उचललं (पुढे स्टार झालेले हार्डन तिसरा, करी सातवा) आणि पहिल्याच हंगामात डी-लीगमध्ये, म्हणजे खालच्या लीगमध्ये, धाडलं. एम्बीड 2014 मध्ये तिसरा गेला, 2023 चा एमव्हीपी (हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू) झाला. तेव्हा ‘उशिरा सुरुवात केली’ या वाक्यातून काहीच कळत नाही.

उंची आणि हातांचा पल्ला मोजपट्टी सांगते, त्यावर शब्द खर्च करत नाही. फक्त उंचीपेक्षा, उभ्याने वर केलेला हात कुठवर पोचतो ते बघा.

घोळ होतो तो पुढे. कच्च्या सेंटरला काय करायचं ते कळलेलं असतं, हातपाय ऐकत नाहीत. स्क्रीन लावून (सोबत्यासाठी बचावपटूची वाट अडवून) वेळेत रिंगकडे वळतो, पण पास हातातून निसटतो. फ्री थ्रो (फाउलनंतरचे मोकळे शॉट) जेमतेम 55 टक्के. हे घोटून सुधारतं. उशिरा उमगणाऱ्याचं उलट: उडी झकास, हात मऊ, पण समोर काय चाललंय ते कळायला अर्धा सेकंद जास्त लागतो. तो अर्धा सेकंद कोणत्याही जिममध्ये भरून मिळत नाही.

आणि कॉलेजात हा उशीर चक्क ब्लॉकच्या (हाताने अडवलेल्या शॉटच्या) आकड्यात लपतो. सेंटर आधीच वाटेत उभा असेल तर समोरचा गार्ड (चेंडू खेळवणारा) शॉट घेतच नाही, चेंडू बाहेर देतो. सेंटरच्या खात्यात शून्य. जो उशिरा निघतो त्याचं वरातीमागून घोडं, पण हात लांब असल्याने मागून येऊन फटका मारतो आणि खात्यात एक ब्लॉक जमा. थबीटचे शेवटच्या कॉलेज हंगामात सामन्यामागे 4.2 ब्लॉक होते. शिवाय कॉलेजात रिंगखाली ठाण मांडून बसता येतं. एनबीएत बचाव करताना कोणाला अडवत नसाल आणि पेंटमध्ये (रिंगसमोरच्या रंगवलेल्या चौकोनात) तीन सेकंदांहून जास्त थांबलात की टेक्निकल फाउल. म्हणजे बाहेर पडायचं, पुन्हा आत यायचं, आणि कधी यायचं ते आधी ओळखायचं.

म्हणून हायलाइट्स सोडा. पिक-अँड-रोलचे (एकाने स्क्रीन लावून रिंगकडे वळायचं, त्या डावाचे) वीसेक प्रसंग काढा आणि चेंडूऐवजी बचावातल्या सेंटरचे पाय बघा. गार्डचा खांदा वळताच पाय हलतात, की पास सुटल्यावर? मग त्याच्या हातात चेंडू असताना बघा. फ्री थ्रो रेषेपाशी पास मिळाला, समोर चाराविरुद्ध तीन, कोपऱ्यातला शूटर मोकळा. कच्चा पोरगा लगेच तिकडे फेकतो आणि चेंडू प्रेक्षकांत जातो. उशिरा उमगणारा एक ड्रिबल टाकतो, मग मान वर करतो. तोवर कोपरा बंद. पहिल्याच्या नावावर टर्नओव्हर (गमावलेला चेंडू), दुसरा कागदावर स्वच्छ. मला तो टर्नओव्हरवाला द्या.

रिकाम्या जिममध्ये थ्री (लांबून तीन गुणांचे शॉट) मारतानाचे व्हिडिओ तर दाखवूच नका. ‘अजून एकोणीसचाच आहे’ हेही नको. दोघंही एकोणीसचेच असतात.

दुखापत हा तिसराच धोका, तो डॉक्टरांचा प्रांत. एम्बीडचं पायातलं नॅविक्युलर हाड मोडलं होतं. त्या हाडाला रक्तपुरवठा कमी, भरायला वेळ लागतो. त्याचे पहिले दोन हंगाम गेले. पण कॅन्सस विद्यापीठाकडून 28 सामने तरी डोळ्यांसमोर होते. 2020 मध्ये दुसरा गेलेला जेम्स वाइजमन कॉलेजात तीनच सामने खेळला होता. तीन सामन्यांत पायांचं काय कळणार? तो कच्चा की उशिरा उमगणारा, हे ठरवण्याइतका पुरावाच नव्हता.

पहिल्या फेरीत निवडलेल्याचे दोन हंगामांचे पैसे पक्के, आणि तिसऱ्याचं हो-नाही क्लबला पहिला हंगाम संपल्यावर येणाऱ्या 31 ऑक्टोबरपर्यंत सांगावं लागतं. म्हणून शंका असलेला सेंटर वरच्या पाचात नकोच. रूडी गोबेर 2013 मध्ये 27 व्या क्रमांकावर युटाला मिळाला, तिथे दोन्ही जातींवर डाव लावायला हरकत नाही. आपला सतनामसिंग 2015 मध्ये डॅलसने 52 व्या क्रमांकावर घेतला. एनबीएचा सामना त्याला मिळाला नाही, पण दुसऱ्या फेरीत पैशांची हमी द्यावीच लागत नाही, त्यामुळे डॅलसचंही फारसं काही गेलं नाही.