गिरणगाव

मुंबईच्या मध्यभागी कापडगिरण्यांभोवती वाढलेली कामगारवस्ती. लालबाग, परळ, लोअर परळ, चिंचपोकळी, काळाचौकी, शिवडी, नायगाव, वरळी आणि डिलाईल रोड (ना. म. जोशी मार्ग) हा भाग साधारणपणे गिरणगाव म्हणून ओळखला जातो. पालिकेच्या कुठल्याही वॉर्डाचे हे नाव नाही. ते लोकांच्या तोंडी रुळले, आणि त्यातला ‘गाव’ हा शब्द अगदी नेमका आहे.

कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये ताडदेवला पहिल्या कापडगिरणीचा पाया घातला. पुढच्या काही दशकांत गिरण्या वाढल्या आणि रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरकडचे लोक पोटासाठी मुंबईला येऊ लागले. बायकामुले बहुधा गावीच राहत. चाळीतल्या एका खोलीत एकाच गावचे दहा-वीस गडी राहायचे. एकाची पाळी सुटली की दुसऱ्याची वळकटी गुंडाळली जाई. खोली गावकीची, जेवण खानावळवालीकडे, पगारातली मनीऑर्डर गावाला. कामगाराचे गावाकडच्या जमिनीशी असलेले नाते हे त्याचे मागासलेपण मानणे चूक ठरेल. १९२८ चा सहा महिन्यांचा संप तगला, त्यामागे गिरणी कामगार युनियनच्या संघटनेइतकाच गावच्या शेताचाही आधार होता.

गिरणीच्या आत मात्र जात सुटली नव्हती. साचेखात्यात, म्हणजे मागांवर, पगार जास्त. पण तिथे दलित कामगारांना घेत नसत. कारण धोट्यातला (मागावर आडवा धागा नेणाऱ्या नळीतला) धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि सवर्ण विणकरांना विटाळ वाटे. १९२८ च्या संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला. कामगारांच्या एकजुटीचा इतिहास सांगताना हे पान वगळले जाते. ते वगळू नये.

रविवारची सुट्टी १८९० मध्ये मिळाली, ती कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांतून. १९०८ मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा गिरणी कामगारांनी सहा दिवस काम बंद ठेवले. पुढे शाहीर अमरशेख आणि अण्णाभाऊ साठे यांची कलापथके, दामोदर हॉलमधली कामगार रंगभूमी, भजनी मंडळे, व्यायामशाळा, सार्वजनिक गणपती यांनी वस्तीला तिचा आवाज दिला. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याचे बळ इथलेच. राजकीय वारे नंतर फिरले: १९७० मध्ये कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला आणि पोटनिवडणुकीत शिवसेनेचे वामनराव महाडिक निवडून आले.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. हा संप रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही. गिरणगाव संपानेच संपवले असे अनेकदा म्हटले जाते, पण ते अर्धेच खरे आहे. यंत्रे जुनाट झाली होती, यंत्रमागाचे कापड स्वस्त पडत होते, आणि गिरणीखालची जमीन कापडापेक्षा कितीतरी महाग झाली होती. १९९१ च्या विकास नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरले: मोकळ्या जागा, परवडणारी घरे आणि मालक. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी फक्त आधीपासून रिकाम्या असलेल्या जमिनीपुरती उरली; २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती ग्राह्य धरली. शहराच्या आणि कामगारांच्या वाट्याची जमीन तिथे गेली.

फिनिक्स मिलच्या जागी मॉल आला, कमला मिलच्या आवारात कार्यालये आणि उपाहारगृहे. कामाला येणाऱ्यांची गर्दी पुन्हा वाढली, पण जिने-पूल जुनेच राहिले: २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावरच्या चेंगराचेंगरीत २३ जणांचा जीव गेला. गिरणी कामगारांसाठीच्या घरांची सोडत २०१२ मध्ये निघाली. घरांपेक्षा अर्जदार कितीतरी जास्त.

१९२० च्या दशकात बांधलेल्या बीडीडी (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट) चाळींचा पुनर्विकास आता चालू आहे. १६० चौरस फुटांच्या खोलीऐवजी ५०० चौरस फुटांचे घर मिळणार असून वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये चाव्या देण्यात आल्या. सामाईक गॅलरी, जिथे उन्हाळ्याच्या रात्री अंथरुणे पडत, ती मात्र या नव्या मनोऱ्यांत नाही.