आल्याचं गणगोत

सोनटक्क्याच्या फुलाला पाकळ्या किती, असं विचारलं तर बहुतेक जण तीन म्हणतील: बाजूच्या दोन आणि मधली एक रुंद, टोकाशी दुभंगलेली. प्रत्यक्षात या तिन्हींपैकी एकही पाकळी नसते. ताजं फूल हातात घेऊन जरा उलटं करून पाहा. लांब, बारीक नळी जिथे संपते तिथे, त्या शुभ्र पसाऱ्याच्या मागे, तीन अरुंद फिकट पट्ट्या लोंबताना दिसतील. खऱ्या पाकळ्या त्या. आपण ज्यांच्यावर भाळतो ते आहेत पुंकेसर. पराग बनवण्याचं काम सोडून ते पसरट, पातळ आणि देखणे झालेले आहेत.

सोनटक्का आल्याच्या कुळातला. या कुळाच्या फुलात मुळात सहा पुंकेसरांच्या जागा असतात. त्यांपैकी एक जागा रिकामीच राहते. दोन पुंकेसर बाजूच्या ‘पाकळ्या’ होतात. आणखी दोन एकमेकांत मिसळून मधली रुंद ‘पाकळी’ तयार करतात; वनस्पतिशास्त्रात तिला ओष्ठ म्हणतात. उरतो एकच, आणि परागकण तयार करणारा तोच. त्याच्याकडे भिंगातून जरूर पाहावं. फुलातली कुक्षी, म्हणजे पराग स्वीकारणारा भाग, ज्या तंतूच्या टोकाला असते तो तंतू इतका नाजूक असतो की स्वतःच्या बळावर उभा राहू शकत नाही. तो या पुंकेसराच्या खाचेतून वर चढतो, परागकोशाच्या दोन भागांमधून जातो आणि टोकाशी हिरवट ठिपक्याएवढी कुक्षी बाहेर डोकावते. आलं, हळद, वेलची, सोनटक्का, सगळ्यांमध्ये हीच रचना आढळते. एकदा ती ओळखता आली की आल्याचं कूळ ओळखताना सहसा चूक होत नाही.

हे सांगण्याचं कारण असं, की बागेत ‘जिंजर’ या एकाच नावाखाली कितीतरी निरनिराळी झाडं येतात आणि त्यांची निगा एकसारखी नसते. आल्याच्या गणात, म्हणजे नात्यातल्या कुळांच्या मोठ्या गटात, आठ कुळं आहेत. पुंकेसर मोजत गेलं तर त्यांचा क्रम छान लागतो. केळ, हेलिकोनिया आणि बर्ड ऑफ पॅरडाइज यांच्या फुलांत साधारणपणे पाच पुंकेसर पराग देतात. मादागास्करच्या ट्रॅव्हलर्स पाममध्ये सहाही देतात. आलं आणि पेव यांच्या कुळांत एकच उरतो, तर कर्दळ आणि मरांटा (शोभेच्या पानांचं झाड) यांच्या कुळांत तोही अर्धाच. कर्दळीचा कार्यक्षम पुंकेसर एका बाजूने परागकोश आणि दुसऱ्या बाजूने रंगीत पाकळी असा असतो. त्यामुळे तिचं फूल कसंही कापलं तरी दोन सारखे भाग मिळत नाहीत. कार्ल लिनिअसने वनस्पतींची वर्गवारी पुंकेसरांच्या संख्येवरून केली आणि एक पुंकेसराचा वर्ग सर्वांत आधी घेतला. म्हणून १७५३ सालच्या त्याच्या प्रसिद्ध ग्रंथातली पहिलीच वनस्पती कर्दळ आहे.

मरांटाच्या कुळातलं फूल लहान असतं, पण करामत मोठी. त्यातला कुक्षीचा दांडा ताणलेल्या अवस्थेत अडकवून ठेवलेला असतो. मधमाशीने आत सोंड घातली की तो निमिषात सुटतो, तिच्या अंगावरचे पराग खरवडून घेतो आणि स्वतःचे तिला चिकटवतो. हे एकदाच घडतं. सुटलेला दांडा पुन्हा मागे जात नाही. घरात याच कुळातल्या कॅलेथियाला फूल आलं तर बारीक सुईने हलकेच स्पर्श करून हा प्रकार पाहता येतो.

फुलं मात्र वर्षातले थोडेच दिवस असतात. एरवी पानांवरूनच ओळख पटवावी लागते, आणि मला तर तीच अधिक भरवशाची वाटते. आल्याच्या कुळात पानं समोरासमोरच्या दोन ओळींत येतात. पान जिथे खोडाला वेढणाऱ्या आवरणाला मिळतं तिथे एक पातळ जिभली असते. पान चुरगळलं की वास येतो, कारण पेशींमध्ये सुगंधी तेल असतं. कर्दळीला ना जिभली ना वास. मरांटाच्या कुळात देठ आणि पातं यांच्या सांध्याशी एक फुगीर भाग असतो; त्याच्यामुळेच ही पानं रात्री उभी होतात आणि सकाळी पसरतात.

पेव सगळ्यांत वेगळं. त्याची पानं जिन्याच्या पायऱ्यांसारखी खोडाभोवती फिरत वर जातात आणि खोडही त्यांच्याबरोबर पीळ घेतं. पानाचं आवरण एका बाजूने उघडं नसून बंद नळी असते. पान चुरगळलं तरी आल्याचा वास येत नाही. फुलाचा चुरगळलेल्या कागदासारखा पांढरा ओष्ठ तर पाच पुंकेसर मिळून झालेला असतो.

हा फरक बागेत थेट उपयोगी पडतो. सोनटक्का, हळद किंवा आल्याच्याच कुळातली शोभेची अल्पिनिया यांचं जे खोड आपल्याला दिसतं त्याचा बराचसा भाग म्हणजे एकात एक गुंडाळलेली पानांची आवरणं. त्याचा तुकडा मातीत खोचला तर कुजतो. नवं झाड हवं असेल तर जिवंत डोळा असलेला गड्डाच लागतो. पेवाचं खोड मात्र खरं खोड आहे. त्याचे दोन-तीन पेरांचे तुकडे करून ओलसर मातीवर आडवे ठेवले की पेरांतून कोंब आणि मुळं फुटतात. लाल अल्पिनियाची आणखी एक सोय आहे: जुन्या फुलोऱ्यातल्या लाल छदांच्या, म्हणजे फुलांखालच्या पानांच्या, बगलेत छोटी रोपं तयार होतात, ती अलगद काढून लावता येतात.

लाल अल्पिनियाचे ते छद म्हणजे रंगलेली पानं. खरी फुलं त्यांच्यातून डोकावणारी लहान, पांढरी. हळदीच्या फुलोऱ्यात खालच्या छदांच्या कडा जुळून खिसे तयार होतात आणि फुलं त्यांत बसतात. शेंड्याचे गुलाबी किंवा पांढरे छद बहुधा रिकामेच असतात. म्हणून हळदीचा तुरा आठवडेच्या आठवडे टिकतो, पण त्यातलं एकेक फूल लवकर सुकतं.

लागवडीत सर्वाधिक झाडं जातात ती पाण्याने, आणि तीही झाड झोपलेलं असताना. हळद, भुईचाफा, ग्लोबा या प्रकारांना मूळच्या प्रदेशात पाऊस आणि कोरडा काळ असे दोन ऋतू मिळतात. दिवस लहान होऊ लागले की पानं पिवळी पडून जमिनीसरशी वाळतात. झाड मेलं असं समजून कुंडी रिकामी केली जाते, नाहीतर काळजीपोटी पाणी चालूच राहतं आणि गड्डा कुजतो. अशा वेळी पाणी थांबवावं, कुंडी पावसापासून दूर, सावलीत ठेवावी आणि कोंब दिसेपर्यंत वाट पाहावी. भुईचाफा तर पानांच्या आधी जमिनीतून थेट फुलं काढतो, तेव्हा रिकामी दिसणारी कुंडी टाकून देण्याची घाई करू नये. सोनटक्का आणि अल्पिनिया उबदार हवेत बारा महिने हिरवे राहतात. त्यांना ओलावा तुटू द्यायचा नाही.

माती भुसभुशीत, कुजलेल्या पालापाचोळ्याची आणि निचऱ्याची असावी. गड्डे उथळ लावावेत; सोनटक्क्याचे तर पृष्ठभागावर उघडे दिसले तरी बिघडत नाही. सकाळचं कोवळं ऊन आणि दुपारी गाळीव सावली बहुतेकांना मानवते. कर्दळीला मात्र भरपूर ऊन लागतं आणि हेलिकोनियाच्या बऱ्याच जातीही उन्हातच चांगल्या फुलतात. पानांच्या कडा करपल्या तर आधी कोरड्या वाऱ्याचा संशय घ्यावा.

छाटणीचा नियम सोपा आहे: सोनटक्क्याची एक काठी एकदाच फुलते, बहर संपला की ती बुडापासून कापावी. शेल अल्पिनियाच्या बाबतीत हात आखडता घ्यावा, कारण ती सहसा मागच्या वर्षीच्या काठ्यांवर फुलते. सगळ्या काठ्या छाटून टाकल्या की पुढच्या मोसमात नुसती पानं मिळतात.

याच अल्पिनियांमध्ये चिनी संशोधकांनी २००१ साली एक विलक्षण गोष्ट जगासमोर आणली. एकाच जातीची काही झाडं सकाळी पराग सोडतात, तेव्हा त्यांची कुक्षी वर वळून दूर असते. दुपारच्या सुमारास ती खाली येते आणि पराग घेण्यास तयार होते. उरलेली झाडं याच्या बरोबर उलट वागतात. त्यामुळे स्वतःचे पराग स्वतःवर पडणं टळतं. एका गड्ड्यापासून वाढवलेली सगळी झाडं एकाच प्रकारची असतात, तेव्हा दोन्ही प्रकार पाहायचे तर वेगवेगळ्या बियांपासून आलेली झाडं शेजारी हवीत.

एक खबरदारी घ्यायलाच हवी. पिवळ्या फुलांचा काहिली सोनटक्का हिमालयाच्या परिसरातला, पण हवाई आणि न्यूझीलंडच्या जंगलांत त्याने गड्ड्यांचे इतके दाट थर केले आहेत की स्थानिक झाडांची रोपं वर येऊ शकत नाहीत. न्यूझीलंडमध्ये तो विकायला आणि वाढवायला बंदी आहे. पांढरा सोनटक्काही ओढ्याकाठी असाच पसरतो. बागेतले जादा गड्डे ओढ्यात किंवा मोकळ्या रानात कधीही टाकू नयेत. तुटका तुकडाही तिथे मूळ धरतो.