व्हेनेझुएलाचं तेल झटपट का वाढत नाही?

व्हेनेझुएलाकडे जगातला सगळ्यात मोठा तेलसाठा आहे, जवळपास ३०० अब्ज बॅरल, आणि हा आकडा वाचला की लोकांना वाटतं अमेरिकेचे निर्बंध उठले, पैसा ओतला की झालं, वर्षभरात बाजारात तेलच तेल. तसं होत नाही. १९९० च्या दशकाच्या शेवटी हा देश दिवसाला ३० लाख बॅरलच्या वर तेल काढायचा, २०२० मध्ये तेच ५ लाखांच्याही खाली आलं, आणि जमिनीतलं तेल काही संपलेलं नव्हतं.

साठ्याचा बहुतेक भाग ओरिनोको नदीकाठच्या पट्ट्यात आहे आणि तिथलं तेल इतकं जड की त्यातलं काही तर पाण्यात बुडेल. जमिनीखाली गरम असतं तोवर वाहतं, पण वर येऊन थंड झालं की डांबरासारखं घट्ट होतं, मग पाइपलाइनमधून पुढे जाणार कसं? त्यात नॅफ्था (कच्च्या तेलातून निघणारा पेट्रोलसारखा पातळ द्रव) नाहीतर हलकं तेल मिसळून ते पातळ करावं लागतं. म्हणजे जास्त तेल विकायचं तर आधी जास्त नॅफ्था हवा, आणि तो बऱ्यापैकी अमेरिकेतून यायचा, जानेवारी २०१९ च्या निर्बंधांनी तो बंद झाला. मिसळायला काही नाही, जहाजं येत नाहीत, किनाऱ्यावरच्या टाक्या भरत गेल्या, शेवटी विहिरीच बंद कराव्या लागल्या. आणि बंद विहीर म्हणजे नळ नव्हे, महिनोन्‌महिने पडून राहिली की वाळू साचते, पंप अडकतो, परत सुरू करायला दुरुस्तीचे रिग, म्हणजे विहिरीवर उभी करायची मोठी यंत्रं, लागतात, आणि २०२० मध्ये देशात चालू रिग जवळपास शून्यावर आले होते.

त्यात वीज. तिथल्या पुष्कळ विहिरींचे पंप विजेवर चालतात, मार्च २०१९ मध्ये देशभर वीज गेली तेव्हा होजे हे मुख्य निर्यात बंदरसुद्धा ठप्प झालं.

पण मला विचाराल तर सगळ्यात मोठं नुकसान माणसांचं झालं. २००२-०३ च्या संपानंतर पीडीव्हीएसए या सरकारी कंपनीतून सुमारे १८ हजार लोकांना काढून टाकलं, त्यात जड तेलात मुरलेले इंजिनिअर होते. रिग भाड्याने मिळतो, नॅफ्था विकत मिळतो, पण कुठल्या विहिरीला कसं हाताळायचं हे डोक्यात असलेला माणूस तयार व्हायला वर्षं जातात. यातले बरेच जण शेजारच्या कोलंबियात गेले, तिथे रुबियालेस नावाचं जड तेलाचं क्षेत्र उभं करण्यात त्यांचा मोठा हात होता, आणि २०१३ पर्यंत कोलंबियाचं उत्पादन दिवसाला १० लाख बॅरलवर पोचलं.