खाडीतला कोल्हा आणि माळावरचा लांडगा

२०२४ च्या सप्टेंबरात आमच्या विक्रोळीच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला. जेमतेम बारा सेकंदांचा, अंधुक. कन्नमवार नगरच्या मागे, खाडीच्या अंगाला, भिंतीच्या कडेकडेने एक जनावर निघालं होतं. खाली मजकूर होता : ‘लांडगा फिरतोय, मुलांना एकटं सोडू नका.’ त्याच दिवसांत टीव्हीवर उत्तर प्रदेशातल्या बहराइचच्या बातम्या चालल्या होत्या. तिथे लांडग्यांच्या हल्ल्यात लहान मुलं दगावली होती. त्यामुळे जे घाबरले त्यांना मी नावं ठेवणार नाही. पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खाली गेलो तर आमच्याच बिल्डिंगची पोरं खिशात दगड भरून भिंतीपाशी दबा धरून बसलेली. ते बघून पोटात कालवलं.

व्हिडिओतलं जनावर कोल्हा होतं. मुंबईत लांडगा नाही. नॅशनल पार्कातही नाही, तिथे बिबट्या आहे. माझं आजोळ सोलापूरकडचं, नान्नजच्या माळाजवळचं. तिथे लहानपणापासून लांडगा पाहिलाय आणि विक्रोळीत गेली वीस वर्षं कोल्हा पाहतोय, म्हणून दोघांबद्दल जरा सविस्तर सांगावंसं वाटलं.

आधी दिसण्याचं. लांडगा उंच. खांद्यापाशी दोन फुटांच्या वर, वजन साधारण १७ ते २५ किलो. पाय लांबलचक, अंग सडपातळ, रंग सुकलेल्या गवतासारखा करडा-भुरा. चालताना डोकं खांद्याच्या रेषेत, नजर समोर, आणि एका लयीत दुडकत तो मैलच्या मैल कापतो. कोल्हा त्याच्या निम्म्याने. आठ ते अकरा किलो, म्हणजे आपल्या गल्लीतल्या कुत्र्यापेक्षाही बहुतेक वेळा हलकाच. पाय आखूड, कानामागे आणि पायांवर तांबूस झाक, पाठीवर काळे-पांढरे केस मिसळलेले, शेपूट आखूड, झुपकेदार आणि टोकाला काळी. चालतो नाक जमिनीला लावून, दर चार पावलांनी थांबत, हुंगत.

खाडीच्या चिखलात तर याहून पक्की खूण मिळते. ओहोटीच्या वेळी बांधावरून खाली पाहिलं की ठसे स्पष्ट दिसतात. कोल्ह्याच्या पावलाच्या मधल्या दोन बोटांच्या गाद्या मागच्या बाजूने एकमेकींना जुळलेल्या असतात. कुत्र्याच्या आणि लांडग्याच्या त्या सुट्या असतात. ठसा लहान, लांबट, नखांची टोकं पुढे उमटलेली. त्या पोरांना मी दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे नेलं आणि शेजारी शेजारी उमटलेले कुत्र्याचे आणि कोल्ह्याचे ठसे दाखवले. तिसऱ्या मजल्यावरच्या आठ वर्षांच्या मुलीने बोटाने चिखलात ती जुळलेली गादी काढून दाखवली आणि म्हणाली, “काका, हा तर छोटाच आहे की.”

नावांचा घोळ आपल्या पुस्तकांनीही वाढवला आहे. इंग्रजी गोष्टींतला फॉक्स आपण सरसकट ‘कोल्हा’ केला. खरं तर त्याचा आपल्याकडचा भाऊबंद म्हणजे खोकड. दोन-तीन किलोचं, मोठ्या कानांचं, माळावर बिळात राहणारं गोजिरवाणं जनावर. खेडेगावात लांडगा, कोल्हा, खोकड आणि तरस या चौघांची चार नावं कुणीही सांगेल. शहरात आल्यावर ती गळून पडली, आणि भीती वाटेल तो ‘लांडगा’ झाला.

म्हणी मात्र अजून शाबूत आहेत. ‘कोल्हा काकडीला राजी’ हे ज्याने पहिल्यांदा म्हटलं त्याने कोल्हा नीट पाहिला होता. कोल्हा खरंच काकडीला राजी असतो. बोरं, ऊस, कलिंगड, उंदीर, मेलेलं जनावर, काहीही चालतं. कांदळवनात त्याला खेकडे, निवट्या आणि भरतीने टाकलेले मासे मिळतात. आणि भिंतीच्या अलीकडे आपला कचरा. पडेल ते खाऊन निभावण्याच्या या स्वभावामुळेच तो विक्रोळी, कांजूरमार्ग, भांडुप, ट्रॉम्बे, ऐरोली अशा ठिकाणी दीड-दोन कोटी माणसांच्या कुशीत टिकून राहिला. त्यात कायद्याचाही हात आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये कांदळवनं तोडण्यावर बंदी घातली, २०१२ मध्ये वनविभागाचा स्वतंत्र कांदळवन कक्ष आला, २०१५ मध्ये ठाणे खाडीत फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झालं. हे सगळं कोल्ह्यासाठी म्हणून झालेलं नाही, पण त्याचं घर त्यामुळे वाचलं.

त्याचं दुखणं वेगळं आहे. तो आपल्या इतका जवळ आहे की आपल्या कुत्र्यांचे आजार त्याला लागतात. २०२४ मध्येच चेंबूर-ट्रॉम्बे भागातल्या कोल्ह्यांमध्ये रेबीज आढळल्याच्या बातम्या आल्या. उघडा कचरा, त्यावर पोसलेली कुत्री, आणि त्याच ढिगावर रात्री येणारा कोल्हा अशी ती साखळी आहे. दिवसाढवळ्या झोकांड्या खात माणसांच्या अंगावर येणारा कोल्हा दिसला तर तो आजारी असण्याची शक्यता मोठी, आणि त्याच्यापासून लांबच राहायला हवं. पण रात्री भिंतीकडेने आपल्या वाटेने जाणारा कोल्हा हा नेहमीचा, निरोगी कोल्हा असतो. त्याला हाकलायचंही नाही आणि पावही टाकायचा नाही.

आता लांडगा. त्याच्याबद्दल लिहिताना हात जड होतो.

लांडग्याला जंगल लागत नाही, माळ लागतो. गवताचा, दगडगोट्यांचा, लांबवर नजर जाईल असा. सोलापूर, अहिल्यानगर, पुण्याचा पूर्वभाग, सातारा, बीड या कमी पावसाच्या पट्ट्यात तो आहे. अख्ख्या देशात या लांडग्यांची संख्या सुमारे ३,१०० असावी असा २०२२ चा शास्त्रीय अंदाज आहे. म्हणजे वाघांच्या आसपासच. जनुकीय अभ्यास सांगतात की भारतीय लांडग्याचा वंश जगातल्या लांडग्यांच्या सर्वांत जुन्या वंशांपैकी आहे. वाघाला राखीव वनं आहेत, सफारी आहे, पोस्टरं आहेत. लांडग्याचा माळ सरकारदफ्तरी ‘पड’ म्हणून लागलेला असतो. पड म्हणजे वापरात नसलेली, काहीतरी करून घ्यायची जमीन. मग तिथे कधी सौर प्रकल्प येतो, कधी प्लॉट पडतात, आणि कधी चांगल्या हेतूने चर खोदून गिरिपुष्पाची झाडं लावली जातात. झाड लावणं हे नेहमी पुण्यच, असं आपण मानतो. माळावर ते तसं नाही. गवत गेलं की काळवीट जातो, ससा जातो, आणि लांडग्याला मेंढरांशिवाय काही उरत नाही.

नान्नजला १९७९ मध्ये माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य झालं, तेव्हा त्याच्या आडोशाने लांडग्यालाही थोडी जागा मिळाली. माळढोक आता तिथे दिसेनासा झाला आहे. माझ्या मामाच्या रानात मेंढरं बसवायला येणारे एक वयस्क धनगर होते. रात्री वाघूर, म्हणजे मेंढरांभोवतीची जाळी, ताणून बांधायचे आणि कुत्री चारी अंगांना ठेवायचे. एकदा पहाटे कोकरू गेलं. मला वाटलं ते शिव्या घालतील. ते चुलीपाशी बसून म्हणाले, “त्योबी पोटासाठीच फिरतोय की. पर पुन्यांदा आला तर मलाबी जागावं लागंल.” दुसऱ्या रात्री ते काठी मांडीवर ठेवून बसून राहिले. लांडगा नाही आला. वर्षानुवर्षं हे असंच चाललंय. नुकसान सोसायचं, राखण करायची, आणि मारायचं शक्यतो नाही. लांडगा आजवर टिकला तो या माणसांच्या जिवावर, असं माझं ठाम मत आहे.

शासनाच्या नुकसानभरपाईच्या यादीत लांडगा आहे. पण घटनेनंतर ४८ तासांत कळवायचं, जनावर जागेवरून हलवायचं नाही, पंचनामा करून घ्यायचा. लांडगा कोकरू उचलूनच नेतो. दाखवायला काय उरतं? आणि धनगराचा वाडा, म्हणजे मेंढरांसकटचा मुक्काम, दोन दिवसांत पुढच्या गावाला गेलेला असतो. पैसे त्याच्यापर्यंत पोचले नाहीत आणि त्याचा धीर सुटला, तर लांडग्याचं काही खरं नाही. मेलेल्या मेंढीत विष भरायला एक रात्र पुरते.

कुत्र्यांचा प्रश्न दोघांनाही भोवतोय, पण लांडग्यावरचं संकट जास्त खोल आहे. माळाच्या कडेला कोंबड्यांच्या शेडची घाण पडते, तिथे भटकी कुत्री जमतात, आणि लांडग्यांची संख्या कमी असल्याने जोडीदार म्हणून कुत्रं सापडतं. पुण्याजवळच्या माळावर असा संकर झाल्याचं २०२३ मध्ये जनुकीय तपासणीने सिद्ध झालं. कोल्हा आजाराने मरतो, पण कोल्हा म्हणून मरतो. लांडगा मात्र मरण्याआधीच हळूहळू कुत्रा होत जाण्याची भीती आहे.

कायद्याने आज दोघांना एकच दर्जा आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत लांडगा आधीपासून होता, कोल्हा २०२२ च्या दुरुस्तीने तिथे आला. मारणाऱ्याला तीन ते सात वर्षांची कैद आणि किमान २५ हजारांचा दंड. त्या पोरांना मी हेही सांगितलं, पण ठशाएवढं ते त्यांच्या लक्षात राहिलं नसावं. आणि दर्जा एक असला तरी उपाय एक नाही. कोल्ह्यासाठी विक्रोळीत कचऱ्याचा डबा झाकायला हवा आणि कुत्र्यांचं लसीकरण व्हायला हवं. लांडग्यासाठी सोलापुरात ‘पड’ हा शेरा बदलायला हवा आणि धनगराच्या हातात वेळेवर पैसे पडायला हवेत.

मुंबईत कोल्हा दिसला तर त्याला वाट द्या, टॉर्च डोळ्यांवर मारू नका, आणि तो जखमी किंवा आजारी वाटला तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. चावा किंवा ओरखडा बसलाच तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी लस घ्या. आणि ग्रुपवर टाकताना ‘कोल्हा’ असं लिहा.