गारठलेली अळी आणि सुप्त अळी एक नव्हे

नॅसोनिया व्हिट्रिपेनिस ही माश्यांच्या कोषांत अंडी घालणारी परजीवी गांधीलमाशी. थंडीत तिची अळी वाढायची थांबलेली दिसली की लोक सरसकट ‘सुप्तावस्था’ म्हणून नोंद करतात. ही नोंद बहुतेक वेळा घाईची असते.

गारठणं सगळ्यांना ठाऊक आहे: पारा उतरला की वाढ थांबते, उबेत आणली की लगेच सुरू होते. सुप्त अळी मात्र उबेलाही दाद देत नाही. आधी काही महिने ४-५ अंशांची थंडी खाल्ल्याशिवाय ती पुढे सरकत नाही. पारख सोपी आहे. कोष २५ अंशांवर ठेवा. एरवी अंड्यापासून प्रौढ गांधीलमाशी सुमारे १४ दिवसांत तयार होते. तीन आठवड्यांनी सुईने कवच उघडलंत आणि आत पूर्ण वाढलेल्या, पोटातला मळ अजून न टाकलेल्या जिवंत अळ्या दिसल्या, तर ती सुप्तावस्था.

खरा घोळ पुढे आहे. सुप्त व्हायचं की नाही, हे मुख्यतः आई ठरवते, तेही अंडी घालण्याआधी तिने अनुभवलेल्या दिवसाच्या लांबीवरून. त्यामुळे अंडी घातल्यानंतर दिव्यांचे तास वाढवून हाती काही लागत नाही. शिवाय लहान दिवसांत ठेवलेली मादीसुद्धा सुरुवातीला साधीच पिल्लं देते, सुप्त अळ्या बऱ्याच दिवसांनी येतात. पहिल्या दोन दिवसांचेच कोष तपासून ‘या भागातल्या गांधीलमाश्यांना सुप्तावस्था नाही’ असं लिहिणं साफ चूक आहे.

दिवस किती लहान झाला की माद्या सुप्त अळ्या देऊ लागतात, हा उंबरठा युरोपात दक्षिणेतल्या कॉर्सिका बेटापासून उत्तरेतल्या फिनलंडपर्यंत बदलत जातो. उत्तरेकडच्या माद्या दिवस बराच मोठा असतानाच सुप्त अळ्या द्यायला लागतात, कारण तिकडे हिवाळा लवकर येतो आणि तेव्हाही दिवस लांबच असतो. पण रानातून आणलेल्या माद्यांची थेट तुलना करू नका, त्यांच्यावर तिकडच्या दिवसांचा ठसा असतो. निदान एक पिढी सारख्या उजेडात, सारख्या तापमानात वाढवा आणि मग आकडे काढा.

नर-मादीचं प्रमाणही आईच्याच हाती असतं, म्हणून लोक तेही यात मिसळतात. पण त्याचा इशारा वेगळा. अंडं फलित झालं नाही तर नर, झालं तर मादी. एकटी आई नर मोजकेच घालते, आजूबाजूला इतर माद्या असल्या की जास्त. नर फारच कमी दिसले तर आधी नरांची अंडी मारणाऱ्या आर्सेनोफोनस जिवाणूचा संशय घ्या, हवामानाचा नंतर. आणि सुप्त अळ्या तशाच पडून असताना बाहेर आलेल्या गांधीलमाश्यांवरून प्रमाण मांडू नका. त्या अळ्यांना थंडी देऊन बाहेर येऊ द्या, मग मोजा.