मातीच्या ट्रॅकवर स्टिअरिंग नुसतं डावीकडेच?

अमेरिकेतल्या मातीच्या ट्रॅकवरच्या स्टॉक कारच्या, म्हणजे साध्या मोटारींवर बेतलेल्या गाड्यांच्या, शर्यतींबद्दल एक वाक्य वर्षानुवर्षं फिरतंय: 'गोल गोल फिरायचं, स्टिअरिंग डावीकडे धरून ठेवायचं, झालं!' लांबून पाहिलं तर तसं वाटणं साहजिक आहे. गाड्या डावीकडे वळतात हे खरंच. स्टिअरिंगचं मात्र तसं नाही.

अशा शर्यतीचा कुठलाही व्हिडिओ लावा, वळणाच्या मध्यावर थांबवा आणि पुढची चाकं बघा. बहुतेक वेळा ती उजवीकडे वळलेली दिसतील. मातीवर पकड कमी असते, म्हणून वळणात शिरताना चालक मुद्दाम गाडीची मागची बाजू बाहेर घसरू देतो. त्याने गाडीचं तोंड आत वळतं. ती गरकन फिरू नये म्हणून स्टिअरिंग उलटं, आणि उरलेला तोल अ‍ॅक्सिलरेटरवर. पाय जरा जास्त पडला की गिरकी!

शिवाय मागचा उजवा टायर बहुधा डाव्यापेक्षा घेराने मोठा असतो. कागदी कप टेबलावर आडवा घरंगळवून बघा, तो आपसूक गोल वळतो, तत्त्व तेच: गाडीही आपसूक डावीकडे ओढली जाते.

मला सगळ्यात मजा वाटते ती ट्रॅकची. सुरुवातीला टँकरने पाणी मारलेली ओली चिकणमाती असते, पकड चांगली. शर्यती होतात तशी ती सुकते, टायरांनी घोटून काळी गुळगुळीत होते आणि सुटी माती बाहेरच्या कडेला साचते. मग कोणी आतली ओल शोधतो, कोणी त्या ढिगाऱ्याला मागचं उजवं चाक टेकवून सुसाट निघतो. एकाच रात्रीची पहिली आणि शेवटची शर्यत लागोपाठ पाहिली की हा फरक सहज दिसतो.